शेजारी काय शिजलं?

भोसरीतल्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात पोषणाचा तास सकाळी पहिला असतो, आणि तो मिनल सोनकांबळे मॅडमनी भांडून मागून घेतलाय. कारण काय, तर त्या वेळी मुली उपाशी असतात. उपाशी पोरींना प्रथिनं शिकवायची मजा वेगळीच, असं त्यांचं म्हणणं. वर्गात शिरल्या शिरल्या त्या हजेरी घेत नाहीत. एकेकीला उभं करतात आणि विचारतात, "सकाळी काय खाल्लंस?" लातूरची नाहीतर दापोलीची पोरगी, हॉस्टेलवर राहणारी, वेणी घालता घालता पळत आलेली, ती घाबरून म्हणते, "पोहे." दुसरीही पोहेच म्हणते, तिसरीही पोहेच. सगळ्या बसल्या की मॅडम शांतपणे मेसच्या मावशींना फोन लावतात, मोबाइल टेबलावर ठेवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "मावशी, आज नाश्त्याला काय होतं हो?" पलीकडून आवाज येतो, "उप्पीट होतं मॅडम. पण एक पोरगी फिरकली न्हाई, समदं माझ्याच गळ्यात."

मग मॅडम हसतात. आधी स्वतः हसायचं आणि मग दुसऱ्याला झोडपायचं, ही त्यांची पद्धत. "लिहून घ्या," त्या म्हणतात, "खाण्याबद्दल माणूस जेवढं खोटं बोलतो तेवढं लग्न जमवतानासुद्धा बोलत नाही. हे पुस्तकात नाही. परीक्षेत येणार नाही. जन्मभर उपयोगी पडेल."

बाईंचा स्वभाव तिखट. वडील पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते, दोन खोल्यांत पाच भावंडं वाढली. आधी बरीच वर्षं वॉर्डात नर्स म्हणून उभ्या राहिल्या, मग शिकवायला लागल्या. राहतात थेरगावला, डांगे चौकाच्या गर्दीतून रोज दुचाकी काढत भोसरीला येतात आणि येईपर्यंत निम्म्या शहराला शिव्या घालून मोकळ्या होतात, त्यामुळे वर्गात येताना मन अगदी प्रसन्न असतं. त्यांना राग एकाच गोष्टीचा. कुणी पोरीनं उत्तरपत्रिकेत 'रुग्णाला समतोल आहाराचा सल्ला द्यावा' असं लिहिलं की त्यांचं डोकं फिरतं. "सल्ला द्यावा! कुणाला? कधी? तिची सासू समोर बसलेली असताना? नवऱ्याची तिसरी शिफ्ट सुटायच्या आधी की नंतर? अगं, जंतूंनी आजार होतो हे निम्मं झालं. उरलेलं निम्मं, घरात आधी कोण जेवतं आणि भांडं कुणापाशी रिकामं होतं, यावर असतं."

हे वर्गात बसून कळत नाही म्हणून त्या मुलींना विहिरीवरच्या चाळीत नेतात. चाळीचं नाव तेवढं राहिलं, विहीर कधीच बुजली आणि तिच्यावर आता दुचाक्या लागतात. एमआयडीसीच्या वर्कशॉपांच्या पाठीमागे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा. लेथवर, प्रेसवर, वेल्डिंगवर काम करणारे लोक, बहुतेक मराठवाड्याकडून आलेले. गुरुवार म्हणजे भोसरीच्या वर्कशॉपांचा रविवार. मशीन बंद, लाइटसुद्धा बंद, पुरुष घरात. म्हणून मॅडमनी चाळीतला दवाखानाही गुरुवारीच धरला. दवाखाना म्हणायचं आपलं. भिमाबाईंच्या ओट्यावर एक सतरंजी, वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, आणि गोळ्यांचा डबा. गरोदर बायका, म्हातारे, पोरं, सगळी तिथं येऊन टेकतात. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, बाकी सगळं मॅडम आणि त्यांच्या पोरी.

भिमाबाई म्हणजे चाळीचं पोलीस ठाणं आणि माहेर, दोन्ही एकदम. नवरा कोंडीराम फाउंड्रीत होता. धुळीतलं काम म्हणून कंपनी गूळ द्यायची, तो गूळ साऱ्या चाळीच्या पोरांनी खाल्लाय. तो गेला त्याला आता वर्षं झाली. मुलगा धम्मपाल चाकणला कंपनीत, तिकडेच बायकोला घेऊन राहतो, कारण रोजच्या त्या ट्रॅफिकमधून जाणं-येणं म्हणजे अर्धं आयुष्य रस्त्यावर. आईला न्यायला तो तयार होता, ही गेली नाही. "तिथं मला कोण वळखतं?" एवढंच बोलली. बुधवारी संध्याकाळी ती ओटा धुऊन काढायची. गुरुवारी पोरी आल्या की आधी चहा, मग एखादीच्या डोक्याला तेल, मग दुसरीला ओढणी नीट घेतली नाही म्हणून बोलणी.

दरवर्षी नव्या मुलींना चाळीतलं एकेक कुटुंब मिळतं. त्या घरी जाऊन विचारायचं, काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, आणि त्यावरून त्या घरच्या खाण्याचा आणि तब्येतीचा अभ्यास लिहायचा. चाळीला याची इतकी सवय झाली होती, की काय सांगावं! पोरगी वही उघडायच्या आत उत्तर तयार असायचं. "दोन कप दूध, हिरवी पालेभाजी, वरण, एक फळ, मोड आलेली मटकी." वेल्डर ज्योतीराम तर "लिंबू पिळून" हेसुद्धा विसरायचा नाही. कुणी नवीन भाडेकरू बावळटासारखं "भाकर आन् ठेचा" म्हणाला, की भिमाबाई मागून त्याच्या दंडाला चिमटा काढायची. स्वतः तर ती अशी काही घडाघडा सांगायची, की लिहिताना पोरींचा हात दुखायचा. तिच्या घरावर लिहिलेल्या अभ्यासाला दरवर्षी पहिला नंबर. कॉलेजच्या माहितीपत्रकात तिचा फोटो आहे, खाली 'आदर्श आहार घेणाऱ्या आजी' असं छापलंय.

मॅडमना शंका यायची. पण खरं सांगायचं तर ती त्यांनी बाजूला सारली होती. सगळे अभ्यास झकास होत होते, मुली पास होत होत्या, चाळीत मान मिळत होता. शंका घेऊन बसायला वेळ कुणाला?

त्याची फळं यंदा पदरात पडली. संस्थेचे सचिव दादासाहेब एक दिवस मॅडमना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, अभिनंदन! तुमच्याच मुलींनी लिहिलंय, विहिरीवरची चाळ आपल्यापेक्षा चांगलं खाते. मी स्वतः एवढी पालेभाजी खात नाही. मग आता तिथं आपलं काम काय उरलं?"

दादासाहेब पांढऱ्या कपड्यातले, गोड बोलणारे. त्यांच्या मेव्हण्यानं मोशीला एक मोठी सोसायटी बांधलीय, तिला क्लबहाउस आहे, एसी आहे. मुलींचं चाळीतलं काम तिथं हलवायचं त्यांच्या मनात होतं. फोटो चांगले येतात, म्हणे. आठवड्याभरात वरून पाहणीला उद्धवराव देशमाने नावाचे अधिकारी येणार होते. त्यांनी चाळीत फिरून एकदा "इथं गरज संपली" म्हटलं, की दवाखाना उठला.

मॅडम सांगणार काय? सगळ्या अभ्यासांखाली सही त्यांचीच होती.

त्या रागानं वर्गात आल्या. तिथं दापोलीची करिष्मा वाट बघत उभी. यंदा भिमाबाईचं घर तिच्याकडे होतं. पोरगी शांत, पण चिवट. "मॅडम, एक विचारू? चाळीतले सगळे मिळून जेवढं दूध पितात म्हणून सांगतात, तेवढं गल्लीतल्या डेअरीत येतच नाही. मी विचारून आले."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं, रडूही आलं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "ही अक्कल तू दोन वर्षं आधी जन्माला येऊन दाखवायची होतीस."

त्याच दिवशी त्या चाळीत गेल्या. भिमाबाईला ओट्यावर बसवलं, आजूबाजूच्या चार बायका आपोआप गोळा झाल्याच. मॅडमनी सगळं सांगितलं. तुम्ही छान छान सांगता, म्हणून वरच्यांना वाटतं इथं सगळं छान आहे. असंच सांगत राहिलात तर गुरुवारचा दवाखाना जाणार. तेव्हा मावश्यांनो, पाया पडते, खरं बोला.

भिमाबाईचा चेहरा एकदम पडला. "म्हंजे आमी चुकीचं सांगत व्हतो व्हय?"

"चुकीचं नाही हो. खोटं."

"आवो बाई, मग पोरी पास कशा व्हनार? लांबलांबनं आल्यात, आयबापानं कुटं कुटं हात पसरून पाठवल्यात. त्या वही घिऊन समोर बसत्यात, पेन चावत्यात. मला कळत न्हाई का, परीक्षा हाय म्हणून? आमी चुकीचं उत्तर दिलं आन् पोरगी नापास झाली, तर ते पाप कुनाला?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं सगळी चाळ मिळून त्यांच्या पोरींना कॉपी पुरवत होती, आणि तीसुद्धा अगदी निःस्वार्थपणे. मग त्यांनी भिमाबाईचा हात हातात घेतला आणि समजावलं, की उत्तराला मार्क नसतात, पोरीला विचारता येतं का याला असतात. भिमाबाईनं मान हलवली. "आसं व्हय. मग काय काळजी करू नगा. मी बगते."

ते "मी बगते" ऐकून मॅडम धसकल्या, आणि ती धास्ती खरीच ठरली. दोन दिवसांनी करिष्मा आणि दोघीतिघी मुली चाचणी म्हणून पुन्हा चाळीत गेल्या. परत आल्या त्या तोंडं लांब करून. आता चाळीत कुणी काही खातच नव्हतं. ज्योतीरामच्या शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, पाणी पिऊन झोपले. आणखी एकीनं पोरांना मीठ चाटायला दिलं म्हणून सांगितलं. ज्योतीराम, ज्याच्या शर्टाची बटणं पोटावर जेमतेम लागतात, तो भिंतीला टेकून क्षीण आवाजात म्हणाला, "तीन दिस झाले, अन्न दिसलं नाही ताई." सगळ्यांची तयारी भिमाबाईनं करून घेतली होती. चिमटे आता उलट्या बाजूनं निघत होते.

"मॅडम," करिष्मा म्हणाली, "ज्योतीरामभाऊंच्या मिशीला शेव होती."

पाहणीचा गुरुवार उजाडला. ओटा धुतलेला, सतरंजी नवी. उद्धवराव देशमाने आले. बारीक अंगाचे, चष्मा नाकावर उतरलेला, कमी बोलणारे. त्यांच्यामागे दादासाहेब, तोंडभर हसत. चाळ झाडून गोळा झालेली. मॅडमनी सकाळपासून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, खरं बोला. पण माणसाला खरं बोल म्हटलं की तो गोंधळतो. रुक्मिणीबाईंना पहिल्यांदा विचारलं तर त्या जुन्या सवयीनं म्हणाल्या, "दोन कप दूध, हिरवी पालेभाजी..." मग एकदम आठवण होऊन म्हणाल्या, "...पण खाल्लं न्हाई." ज्योतीरामनं उपासमारीचं पुराण लावलं, आणि लावता लावता ढेकर दिला.

उद्धवरावांनी पेन बंद केलं, खिशाला लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दादासाहेबांनी "मी म्हणालो नव्हतो का" असा चेहरा केला. भिमाबाई ओट्याच्या कोपऱ्यात पदराशी चाळा करत उभी होती. आपण काहीतरी बिघडवलं, एवढं तिला कळलं होतं. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना स्वतःचा एवढा राग आला! वर्गात पोरींची लबाडी पकडायला आपण मेसच्या मावशींना विचारतो, आणि इथं इतकी वर्षं ज्याला त्याला स्वतःचंच ताट विचारत बसलो.

"साहेब, पाच मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या, आणि चाळीकडे वळून कमरेवर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "कुणी स्वतःच्या घरचं सांगायचं नाही. शेजारी काल काय शिजलं, तेवढं सांगा."

मग जे सुटलं, ते आवरेना.

"मी सांगते!" रुक्मिणीबाई पुढे सरसावल्या. "ह्यो ज्योतीराम. कामावरनं सुटला की नाक्यावर दोन वडापाव हाणतो, वर भजी. घरी यिऊन म्हणतो, भूक न्हाई, कामाचं टेन्शन हाय. मग ह्याच्या वाटच्या भाकरी उरत्यात आन् सोनू दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिळ्या भाकरी चहात बुडवून खाती. ताजं तिला मिळतंच कुटं!"

सोनू, म्हणजे ज्योतीरामची बायको, पोटुशी, पाचवा महिना. ती नवऱ्याकडे वळली. "टेन्शन? वडापावचं टेन्शन होय?" ज्योतीराम गर्दीत मागे सरकायला लागला, पण मागे जागा नव्हती.

"आन् रुक्मिणीबाईचं मी सांगतो," तो जीव वाचवायला ओरडला. "दूध अर्धा लिटर येतं, अन् त्यात साऱ्या घराचा चहा. दूध नुसतं रंगाला. पोरांच्या पेल्यात चहाच असतोय!"

मग कुणाच्या घरात श्रावणात अंडी उकडतात, कुणाची भाजी म्हणजे बटाटा आणि बटाटाच, कुणाची सासू डब्याला कुलूप लावते, कुणाच्या खोलीतून सुकटीचा वास आला आणि विचारलं तर "आमची नव्हे" म्हणाले, सगळं बाहेर पडलं. पत्र्याच्या भिंती, त्यात कुणाचा तवा कधी चढतो आणि कुकर किती शिट्ट्या देतो हे शेजाऱ्याला पाठ. दोन बायका हातघाईवर आल्या, एकीनं दुसरीच्या बुरसटलेल्या लोणच्याचा विषय काढला. दादासाहेब "शांतता, शांतता" म्हणत होते. उद्धवरावांनी पेन कधीच पुन्हा काढलं होतं आणि ते मान खाली घालून लिहीत सुटले होते. मध्येच त्यांनी करिष्माला विचारलं, "ती श्रावणातल्या अंड्यांची खोली कितवी?" मॅडमना आतून उकळ्या फुटत होत्या. सगळं आयुष्य शिकवलं ते आज समोर भांडत उभं होतं.

आपला नंबर आला म्हणून करिष्मानं वही पुढे केली आणि विचारलं, "भिमाबाईंच्या शेजारी कोण राहतं? भिमाबाईंकडे काल काय शिजलं?"

गलका बसत बसत थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भिमाबाईच्या शेजारची खोली सोनूची. सोनूनं खाली बघितलं.

"आगं सांग की," भिमाबाई तोऱ्यात म्हणाली. "वरण, भात, मेथीची..."

"मावशी, स्वतःचं नाही सांगायचं," मॅडम म्हणाल्या, अजून हसतच.

सोनू हळू आवाजात म्हणाली, "काही नाही शिजलं. त्यांच्याकडं संध्याकाळी तवा चढतच नाही, मॅडम. मी लग्न करून आले तवापासून ऐकायलेय. सकाळी एक भाकर करतात. संध्याकाळी चहा अन् खारी. कधी तेबी नाही."

"सोने, गप बस!"

"गुरुवारी तेवढा चढतोय," सोनूला आता थांबता येईना, तिचे डोळे भरले होते. "पोरी असतात ना दिवसभर. त्या गेल्या की संध्याकाळी दोन भाकरी टाकायचा आवाज येतोय. मग पुढच्या गुरुवारपर्यंत नाही."

भिमाबाई चिडली, आणि चिडली म्हणजे लाजली. "मग काय करू?" ती म्हणाली. "एकटीसाटी तवा तापवायचा? मानूस व्हतं तवा शिफ्टवरनं यायचं, वाट बगत बसायचे, भाकर फुगली की ताटात. आता कुनाच्या ताटात टाकू? पैशावाचून न्हाई आडलं माझं. ल्योक पाठवतो. पीठ हाय, डाळ हाय. खावंच वाटत न्हाई, त्याला काय करू?"

मॅडमचं हसू उतरलं. दवाखान्यातूनच साखर उतरवायच्या गोळ्या नेणारी ही बाई, त्या गोळ्या रात्री चहा-खारीवर घेत होती. सकाळी हिला घाम फुटतो, चक्कर येते, आणि आपण पोरींना 'उन्हामुळे' असं लिहू दिलं. आदर्श आहार घेणारी आजी! त्यांना इतकी शरम वाटली की खाली सतरंजीवरच बसल्या त्या. समाज आणि आरोग्य, समाज आणि आरोग्य, म्हणून इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि एकटं जेवावं लागतं हासुद्धा आजार असू शकतो, हे समोर बसून चहा पिताना एकदाही दिसलं नाही.

उद्धवराव उठले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. दादासाहेबांनी लगेच संधी साधली. "साहेब, मोशीच्या सोसायटीत बघा, कसं सगळं पद्धतशीर..."

"बघू की," उद्धवराव म्हणाले. "तुमच्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये काल काय शिजलं, हे सांगणारं एक माणूस मला भेटवा. भेटलं की लगेच हलवू. तोवर हे काम इथून हलायचं नाही." आणि जाता जाता मॅडमना म्हणाले, "तो प्रश्न तेवढा मला लिहून पाठवा. आमच्याकडच्या छापील प्रश्नांत नाही."

दवाखाना राहिला. चाळीनं शिट्ट्या मारल्या. ज्योतीरामला मात्र त्या दिवसापासून नाक्यावरच्या वडापाववाल्यानं बघितलं, की आधी इकडे तिकडे सोनू आहे का बघतो आणि मगच पाव कापतो.

भिमाबाईंच्या गोळीची वेळ मॅडमनी बदलून घेतली, डॉक्टरांशी बोलून. पण तव्याचं काय? करिष्मानं अभ्यासात लिहिलं, 'रुग्णाला रात्री जेवण्याचा सल्ला द्यावा.' मॅडमनी त्यावर इतकी जोरात काट मारली की कागद फाटला. "मग काय लिहू?" पोरीनं विचारलं. मॅडमनी धम्मपालला फोन केला, तो बिचारा रडवेला झाला, रविवारी येऊन जेवून गेला. रविवारचं झालं, गुरुवारचं होतंच. उरलेल्या दिवसांना औषध सापडेना.

महिन्याभरानं एका मंगळवारी संध्याकाळी मॅडम आणि करिष्मा सोनूचं वजन तपासायला म्हणून चाळीत गेल्या. सोनू घरात नव्हती. दार उघडं, आत गॅसवर कुकर, आणि तो खुशाल शिट्ट्या देत होता. सोनू शेजारी होती. भिमाबाईच्या दारात परात घेऊन उभी, परातीत मळायचं पीठ.

"मावशी," ती म्हणत होती, "आमचा गॅस संपलाय बघा. जरा तुमच्या तव्यावर भाकरी टाकून देता का? मला आता खाली बसवत नाही."

परात तिच्या हातात देऊन ती निघाली, मॅडमना बघून जीभ चावली आणि बोट ओठांवर ठेवून आत पळाली. मागे तिच्या कुकरनं आणखी एक शिट्टी दिली.

मॅडम भिमाबाईच्या चौकटीत टेकल्या. भिमाबाईनं तवा चढवला होता, पीठ मळत होती आणि तोंडानं चाळीचा उद्धार चालू होता. "काय सांगू बाई तुमाला! ह्या चाळीला गॅसच पुरंना झालाय. काल रुक्मिणीचा संपला, परवा त्या पलीकडच्या पोरांचा संपला. रोज कुनीतरी परात घिऊन हजर. मी काय खानावळ उगडलीय का?" भाकरी थापटताना तिच्या हाताला जराही थकवा दिसत नव्हता. "आन् मग भाकरी करून दिल्या की म्हनत्यात, मावशी, हितंच बसून खाऊ, तिकडं उकडतंय. मग मलाबी बसावं लागतं त्यांच्यासंगं."

भिंतीपलीकडे पुन्हा शिट्टी झाली. अगदी खणखणीत. करिष्मानं ओठ दाबून हसू गिळलं. मॅडमनी भिमाबाईकडे पाहिलं. भिमाबाईनं भाकरी उलटली.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "ती शिट्टी तुम्हाला ऐकू येते ना?"

"मी काय भैरी हाय?" भिमाबाई म्हणाली. भाकरी फुगली, तिनं ती परातीत टाकली आणि दुसरा गोळा हातात घेतला. "आन् तुमी तिला काय बोलू नगा. बोललं तर उद्या यील का ती?"

करिष्मानं वही उघडली, पेन काढलं, आणि गोंधळून मॅडमकडे बघितलं. "मॅडम, यातलं काय लिहू?"

"दोन भाकरी लिही," मॅडम म्हणाल्या, "आणि चप्पल काढून आत ये. आज आपलाही गॅस संपलाय."